गावाबाहेरच्या कबरी

ओमानमधल्या निझवाजवळच्या एका गावात आम्ही रस्ता बांधत होतो, तेव्हा तो म्हातारा रोज सकाळी माळावर दिसायचा. बकऱ्यांनी पाडलेले दगड तो पुन्हा उभे करायचा. पुरुषाच्या कबरीला दोन दगड, बाईच्या कबरीला तीन. नाव कुठल्याच कबरीवर नव्हतं. गावाच्या कबरस्तानापासून दूर, ही गुलामांची जागा होती. त्याची पणजी त्यांच्यातलीच, पण तिची कबर कुठली हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून तो सगळ्याच सांभाळायचा.

आणि मी तो मोकळा माळ समजून त्याच्यावरूनच खुंट्या ठोकून रस्ता आखला होता.

"चाचा, यांना मोठ्या कबरस्तानात नीट पुरू," मी हिंदीत समजावलं; तिथल्या पुष्कळ जुन्या माणसांना ती येते.

हातातला दगड न सोडता तो म्हणाला, "जिवंत होते तेव्हा यांना कुणीही उचलून कुठेही नेलं. आता खलास, पुरे झालं. तुझा रस्ता अजून कागदावर आहे ना? मग त्यालाच हलव."

मी खुंट्या उपटल्या. कंपनीत पुष्कळ बोलणी खाल्ली, पण हटलो नाही. रस्ता वळला.

आजही त्या वळणावर मी गाडी हळू करतो. म्हाताऱ्याचं नाव विचारायचं मात्र तेव्हा मलाही सुचलं नव्हतं.