आयर्लंडचे राजे आणि आमची भावकी

बारामतीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो आणि कित्येक वर्षं आयर्लंडच्या जुन्या राजांवर प्रबंध लिहितो आहे. सणसरच्या पुढं आमचं गाव. तिथं गेलो की भावकी विचारते, "मास्तर, काय म्हणत्यात तुमचं राजं?" अशाच एका दुपारी चुलतभावाच्या ओट्यावर चहा पिताना मी शहाणपणा पाजळला. म्हटलं, तिकडं थोरल्यालाच गादी मिळायची असं नव्हतं. एका पणजोबाच्या वंशातला कुणीही हक्क सांगायचा. पण राजाच्या अंगात व्यंग चालत नसे. म्हणून भाऊबंद कधीकधी जीव न घेता नुसते डोळे काढायचे. आंधळा झाला की माणूस बाद.

चुलतभाऊ बशी खाली ठेवत म्हणाला, "मंजी मारायचं न्हाय. निस्ती खोट दावायची."

मी खूश झालो. वर्गात एवढं कुणी समजून घेत नाही.

पुढं सरपंचपदाला तो आणि माझा थोरला भाऊ, दोघंही उभे राहिले. छाननीच्या दिवशी इंदापूरच्या तहसील कचेरीत चुलतभावानं माझ्या भावावर हरकत घेतली: ह्याला तिसरं अपत्य आहे, ह्याचा अर्ज बाद करा. त्यात खोटं काही नव्हतं. दोनांवर तिसरं मूल झालं की पंचायतीला उभं राहता येत नाही, आणि भावाला पहिल्यापासून सरपंच व्हायचं होतं. म्हणून तिसरी मुलगी झाली तेव्हा जन्माच्या दाखल्यावर आईबाप म्हणून माझं आणि माझ्या बायकोचं नाव लागलं. आम्हाला मूलबाळ नाही. कागदावर तरी असू दे म्हणून मी सही केली. पोरगी वाढली त्याच्याच घरी. शाळेत बाप म्हणून माझं नाव लागतं, ही मोठ्या माणसांची काहीतरी भानगड समजून ती हसायची.

भावानं मला सोबत नेलं होतं. त्यानं दाखला पुढं केला. तेवढा पुरला असता. पण त्यानं पोरीलाही आणलं होतं, सहावीतली. "सांग सायबास्नी, तुजा बाप कोण?"

तिनं आधी त्याच्याकडं पाहिलं. तो कागद चाळत होता. मग तिनं माझ्याकडं बोट केलं. मला तोंड उघडता आलं असतं, पण मी मान डोलावली. मला माझीच किळस आली. ज्यांना मी रानटी म्हणून शिकवत आलो, ते निदान वैऱ्याचे डोळे काढत होते.

भाऊ निवडून आला. गुलालानं माखलेल्या ट्रॅक्टरवरून त्यानं तिला हाक मारली, "ये की गं वर, बापाशेजारी बस."

"न्हाय काका," ती म्हणाली, "मी बारामतीला जाते. माज्या बापाकडं."

डीजेच्या दणदणाटात त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती येऊन माझ्या मोटरसायकलवर मागं बसली. घर येईपर्यंत तिनं मागची दांडी धरून ठेवली, माझ्या खांद्याला हात लावला नाही.