गुलाल लावून बघितलेले पिक्चर

सोमवारी मशिनी सुरू व्हायच्या आधी आमच्यात नव्या पिक्चरचा निकाल लागायचा. नव्वदनंतरची गोष्ट, राजारामपुरीतल्या अक्काच्या शिवणकारखान्यातली. असे निकाल इतके साठलेत की पिक्चरची नावंही विसरले, पण कोण कुठं घाबरलं तेवढं आठवतंय. सगळ्यात जास्त घाबरायची ती सुनंदा, म्हणून किस्सेही तिचेच.

घाबरायला कारण होतं. सासूनं एकदा पकडून बजावलेलं, "पुन्यांदा थेटरात दिसलीस तर शिवणकाम बंद. घरात बसायचं." आणि अक्काकडं आल्यावरच तर सुनंदाला माणसात आल्यासारखं वाटायचं. तरी बाईला पिक्चर सुटेना.

मग तिनं घरी सांगितलं, जोतिबाला रविवारच्या खेपांचा नवस बोललाय. रविवार देवाचा वार, अडवणार कोण? पिक्चर सुटला की थेटरच्या बाथरूममध्ये आम्ही पुडीतला गुलाल तिच्या कपाळाला, भांगात, खांद्यावर फासायचो आणि बाई डोंगर उतरून आल्यागत घरी जायची. आम्ही मात्र रात्रभर धाकात.

*

एकदा भुताचा पिक्चर लागला. सगळं थेटर किंचाळत होतं. आमची काजं-बटणं करणारी शमशाद माझ्या मांडीवर चढायचीच बाकी होती. सुनंदा मात्र हूं की चूं नाही.

सोमवारी अक्कानं विचारलं, "कसा हाय गं भुताचा?"

"भुताचं काय न्हाय वो अक्का. फुडच्या रांगेत एकाची मान डिट्टो आमच्या दिरागत हुती. मी सगळा पिक्चर तीच बघितली."

मान दिराची नव्हती. पण त्या सोमवारी तिनं दोन सुया मोडल्या.

*

गुलालाचं जमलं, पण प्रसाद आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. सासूनं प्रसादासाठी हात पुढं केला. "गर्दीत पडला," सुनंदा म्हणाली कशीबशी.

पुढच्या रविवारपासून खोबऱ्याचे तुकडे पर्समध्ये. आणि त्याच पर्समध्ये, शहाणीनं, इंटरव्हलला उरलेला वडा! सासूनं तुकडा तोंडात टाकला, चावला, थांबली.

"देवाच्या खोबऱ्याला वड्याचा वास कसा काय गं?"

"यष्टीत शेजारची बाई खात हुती, आत्याबाई."

सासूनं खोबरं गिळलं आणि पदराला हात पुसले. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुनंदा म्हणायची. तो पिक्चर आम्हाला लई आवडला होता. तिचं मत विचारलं तर म्हणाली, "पोटात गोळा आणणारा."

*

माणसानं पिक्चर चोरून बघावा, पण मग मत तरी पोटात ठेवावं. हिला तेवढंच जमायचं नाही.

असंच एका सोमवारी संध्याकाळी दारात सासू आणि शेजारणी बसलेल्या. नव्या पिक्चरची चर्चा. एक म्हणाली, "शेवटाला हिरोईन मरती म्हणं."

आतून भाकरी थापता थापता सुनंदा ओरडली, "मरत न्हाय, वाचती. पर मरायला पायजे हुती. वाचवून सगळा इचका केला."

दारातल्या सगळ्या माना आत वळल्या. तव्यावर भाकरी करपली.

शेजारणी उठून गेल्यावर सासू आत आली. "येत्या आयतवारी जोतिबाला मी बी येणार तुझ्यासंगं."

*

तो आठवडा आमच्यात कुणी पिक्चरचं नाव काढलं नाही. सुनंदा मशिनीवर बसून रडायची. "माझं काम गेलं, अक्का. वर देवासमोर उभी करून इचारणार ती."

"इचारू दे. एकदा देव तरी बघशील," अक्का म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरलेला. वर कुठून जायचं, चपला कुठं काढायच्या, हे सगळं शमशादनं समजावून दिलं. तिच्या मामाचं बांगड्यांचं दुकान होतं जोतिबावर.

रविवारी आम्ही कुणीच थेटरात गेलो नाही. पुढचं सगळं सुनंदानंच सांगितलेलं. दर्शन झालं, गुलाल लागला, खोबरं घेतलं. सासूनं एका शब्दानं विचारलं नाही. परतीच्या यष्टीत खिडकीला सासू, शेजारी ही. घाट उतरेपर्यंत सासू बाहेर बघत राहिली.

"गेल्या आयतवारचा कसा हुता?"

"काय वो, आत्याबाई?"

"पिक्चर."

सुनंदानं खोबऱ्याची पुडी उघडून तिच्यापुढं धरली.

"आगं, पिक्चर कसा हुता एवढंच इचारलं."

"बरा न्हाय," ही खाली बघून म्हणाली. "इंटरव्हलपतुर झोपच येती."

सासूनं पदरानं कपाळावरचा गुलाल पुसला.

"मग त्यो नगं. दुसरा कुठला लागलाय?"