फाइल मागून वाचणारे काकाजी

फाइल हातात आली की काकाजी ती टेबलावर पालथी करायचे आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागायचे. काकाजी उर्दू शाळेत शिकले वाटतं, असं आम्ही त्यांच्या पाठीमागे म्हणायचो. एकदा मी तोंडावरच म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पुढची पानं डॉक्टरची असते, बाई. मांगची सिस्टरची. डॉक्टर दोन मिनिटं येते, सिस्टर रातभर असते."

अमरावतीत राजापेठेजवळच्या एका खासगी दवाखान्यात मी बिलिंगच्या काउंटरवर होते आणि काकाजी शेजारच्या टेबलावर कोडिंगला. कोडिंग म्हणजे पेशंटला जो आजार झाला, त्याचा ठरलेला आकडा विम्याच्या कागदांवर टाकायचा. आकडा चुकला तर मंजुरी अडते आणि नातेवाईक काउंटरवर येऊन आमचा उद्धार करतात. डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही कधी ताटकळला असाल, तर तुम्हीही केला असेल.

काकाजी अकोल्याच्या जठारपेठेतून रोज अप-डाऊन करायचे. साठीला टेकलेले, खांद्याला कापडी पिशवी. शहराबाहेर भावांची शेवंतीची शेती होती. सकाळची गाडी पकडायच्या आधी ते फुलं तोडू लागायचे, म्हणून त्यांच्या टेबलावरच्या फाइलींना फिनाइलऐवजी फुलांचा वास यायचा.

या कामाचा एक नियम आहे. डॉक्टरांनी जे लिहिलं त्याचाच कोड टाकायचा. रिपोर्टमध्ये तुम्हाला कावीळ दिसत असली, तरी डॉक्टरांनी कावीळ लिहिल्याशिवाय ती टाकता येत नाही. शंका आली तर विचारायचं, आणि विचारताना उत्तर सुचवायचं नाही. बहुतेक जण विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. काकाजी चिठ्ठी लिहायचे: 'अमुक नोंद आहे. कारण लिहावे.' खाली सही. डॉक्टर चिडायचे. आता तुम्ही आम्हाला शिकवणार का, म्हणायचे.

"नाई सायेब. मी विचारून राहिलो, सांगून नाई राहिलो."

या चिठ्ठ्यांपायी डिस्चार्ज लांबायचे. एका सोमवारी मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की यापुढे एक जरी डिस्चार्ज तुमच्यामुळे अडला तर पुढच्या महिन्यापासून येऊ नका. दार उघडंच होतं, मी सगळं ऐकलं. काकाजी बाहेर आले, पाणी प्यायले आणि पुढची फाइल ओढली.

त्याच आठवड्यात बुधवारी सेमाडोहकडची एक बाई सुटणार होती. गळ्याची गाठ वाढली म्हणून तिची थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढली होती. नवरा जंगलात पर्यटकांची जिप्सी चालवणारा. खाली गाडी उभी होती, दिवसाउजेडी घाट चढायचा म्हणून त्याची सकाळपासून घाई. बारा वाजता विम्याची मंजुरीही आली. फाइलवर काकाजींची सही झाली की मी कागद देणार, एवढंच राहिलं होतं.

शेवटच्या पानावर रात्रीच्या सिस्टरनं लिहिलं होतं, की बाईला ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. सकाळच्या सिस्टरनं लिहिलं होतं, की बोटं आखडतात म्हणते. त्यापुढे कोणी काही लिहिलं नव्हतं.

"काकाजी, आज चिठ्ठी नोका लिहू जी," मी हळूच म्हटलं. "अशक्तपना असन."

"असन. पन थायरॉइडच्या मांग चार बारक्या ग्रंथ्या असते, तांदळाच्या दान्याएवढ्या. पॅराथायरॉइड म्हनते. रक्तातलं कॅल्शियम थ्याच सांभाळते. ऑपरेशनात त्यायले धक्का बसला तं पयले मुंग्या येते."

"मंग टाकून द्या नं तो कोड."

"कोड हाये, ई एकोननव्वद दशांश दोन. पन मी कोन टाकनारा? डॉक्टरनं लिहा लागते."

त्यांनी चिठ्ठी लिहिली. सर्जन त्या दिवशी अकोल्याला ऑपरेशनं करायला गेले होते, फोन बंद. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरनं चिठ्ठी वाचली, "घरी जायचं म्हणून घाबरली असेल," म्हणाला आणि ती खिशात घातली. काकाजी खाली आले आणि फाइल मांडीवर घेऊन बसले.

दीड वाजता नवरा काउंटरवर आला. "ओ बाबा, कागद द्या नं. मंजुरी आली म्हनते."

"आली, भाऊ. डॉक्टरचं एक उत्तर येऊ द्या."

दोन वाजता त्यानं काउंटरवर हात आपटला. "तुमी का डॉक्टर हा का? कारकून मानूस, आमाले कावून अडवून राहिले?" माणसं जमली. कोणीतरी मोबाइल वर करून व्हिडिओ काढायला लागलं. मॅनेजर धावत आले, काकाजींपुढे हात जोडून म्हणाले, "सही करा आणि मोकळं करा." त्या हात जोडण्यात सोमवारची धमकी होती, हे मला आणि काकाजींना दोघांनाच कळलं.

मला त्यांचा राग आला होता, हे मी लपवत नाही. शिव्या मी खात होते. मी फाइल ओढायला हात घातला, तर त्यांनी सोडली नाही. त्यांचा हात माझ्या हाताला लागला. गार पडला होता. हा माणूस घाबरलेला आहे, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं.

फाइल काखेत धरूनच त्यांनी अकोल्याच्या त्या ऑपरेशन थिएटरचा नंबर कोणाकडून तरी मिळवला आणि माझ्या फोनवरून लावला. तिकडच्या सिस्टरला म्हणाले, सायबाच्या कानाले फोन लावा. मग त्यांनी नुसत्या नोंदी वाचल्या, वेळेसकट. स्वतःचा एक शब्द घातला नाही. नंतर सर्जनचा आवाज मलाही ऐकू आला, "तिला हलवू नका. रक्त घ्या. वॉर्डच्या डॉक्टरला फोन द्या."

रक्त खाली लॅबमध्ये पोचलं असेल-नसेल, तेवढ्यात वर सिस्टर ओरडली. आम्ही जिन्यानं धावलो. बाईचे दोन्ही हात मनगटात वळले होते, बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली होती, आणि श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिचे डोळे मात्र पूर्ण शुद्धीत होते, त्यांची मला अजून भीती वाटते. तरुण डॉक्टर शिरेतून कॅल्शियम सोडत होता, अगदी हळूहळू. नवरा दाराशी खाली बसला. "घाटात असतो तं..." म्हणाला.

बऱ्याच वेळानं बोटं सुटली. काकाजी तोवर जिन्यातच उभे होते, आत गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सर्जननं स्वतः कारण लिहिलं आणि काकाजींनी तो कोड टाकला. दोन दिवसांनी बाई घरी गेली.

व्हिडिओ मात्र अमरावतीभर फिरला. त्यात फक्त काउंटरवरचा गोंधळ होता. मॅनेजरनं डिस्चार्जचं रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. उशिराच्या कारणाच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं होतं, 'कोडिंगमधील दिरंगाई'. खाली काउंटरची सही लागते. मला नोकरीत कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी सही केली.

काकाजींनी ते पान वाचलं. मला वाटलं, आता मला विचारतील. "अक्षर चांगलं हाये तुहं," म्हणाले आणि जेवायचा डबा धुवायला गेले. महिना संपल्यावर ते आले नाहीत. मी फोन केला नाही. मी काय बोलणार होते?

काही दिवसांनी सेमाडोहचा तो नवरा बायकोला तपासणीला घेऊन आला. काउंटरवर वाकून म्हणाला, "थे बाबा कुठी हायेत? नाई नाई थे बोललो मी त्यायले."

"काम सोडलं त्यायनं."

"कावून?"

मागे रांग होती. मॅनेजरच्या केबिनचं दार उघडं होतं.

"त्यायच्यानं उशीर होत होता," मी म्हटलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्यामागे बाकड्यावर त्याची बायको संत्रं सोलत बसली होती. फोडीवरच्या पांढऱ्या शिरा बोटांच्या टोकांनी एकेक करून, सावकाश काढत होती.