साडूंची उघडी सेशनं

अर्धवट सोडण्याची कला जगात कुणी पूर्णत्वाला नेली असेल, तर ती आमच्या साडूंनी. लातुरात घरी बनियनवर बसून ते नांदेडच्या एका ऑफिसातला सर्व्हर सांभाळतात. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की सर्व्हरच्या लेखी ते हिशेबनीस होतात, दुसरी टाकली की गोदामवाले, तिसरीला थेट सर्वाधिकारी. एकाचं सेशन, म्हणजे चालू काम, उघडं टाकून दुसऱ्यात शिरायचं. आठवड्यानं परत यावं, तर कर्सर सोडला तिथंच लुकलुकतोय. इथवर ठीक. पण या महापुरुषानं हीच रीत संसाराला लावली! मेव्हणी चहा टाकण्याआधी विचारते, "अवो, आत्ता कोण हायत तुम्ही?" हिशेबनीस असले तर नुसता चहा, सर्वाधिकारी असले तर सोबत बिस्किटं. दिवाळीत जेवताना मला म्हणाले, "पाव्हणं, त्या म्हशीचं काय झालं..." आणि फोन वाजला म्हणून उठून गेले. संक्रांतीला मी दारात पाऊल ठेवलं, तर ना रामराम, ना या बसा. "...दुसऱ्या दिवशी आपली आपण घरी आली की वो!" म्हैस कुणाची, हे मी केव्हाच विसरलो होतो.

एकदा घरचाच कॉम्प्युटर समजून साहेबांनी बंद करायचा हुकूम सोडला, तो नेमका नांदेडच्या सेशनात. ऑफिस ठप्प! लातुरातून बंद केलेला सर्व्हर लातुरातून चालू होईना. मग बटण दाबायला स्वारी एसटीनं आमच्या नांदेडला आली. आमच्याकडं पिठलं-भाकरी हाणली आणि वर मलाच शहाणपण शिकवलं, "बंद करायला बोट पुरतंय पाव्हणं, चालू करायला सोता जावं लागतंय. म्हणून मी कायबी बंद करत न्हाई."

या अर्धवट सोडण्यात त्यांचा उदगीरचा थोरला भाऊही सापडला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांची फोनवर जुंपली होती. ऐन भांडणात ऑफिसचं बोलावणं आलं, तसं "आणि दुसरी गोष्ट म्हणजे दादा..." एवढ्यावर यांनी फोन ठेवला. तेव्हापासून बोलणं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तुटतंय कशाला? चालूच हाय. मी जरा दुसऱ्या कामात हाय." वा रे वा! मग पुतणीच्या लग्नाची पत्रिका सगळ्या पाव्हण्यांना आली, सख्ख्या काकाला सोडून. माझ्या हातातली पत्रिका घेऊन ते कितीदा तरी उलटीपालटी करून बघत होते. मला राहवेना. म्हटलं, "तुमचं चालू असेल हो, पण तिकडून दादांनी बंद केलं असलं तर?"

त्यांची बोटं पत्रिकेवर थांबली. "मग सोता जावं लागंल," ते हळूच म्हणाले.

उदगीरच्या आडतीत दादा मुठीत तूर घेऊन पारखत होते. साडू उंबऱ्यातच थबकले. मीही मागं उभा. "दुसरी गोष्ट म्हणजे दादा..." म्हणाले, आणि परत तिथंच थांबले.

दादांच्या मुठीतली तूर पोत्यात सांडली. "बोल की रे. तवापासून कान लावूनच बसलोय."

दादांनी साडूंना दंडाला धरून आत नेलं, पाटावर बसवलं, आणि पाणी स्वतः आणून दिलं. लग्नात साडू पंगतीला वाढत होते.

ती दुसरी गोष्ट मात्र त्यांनी आजवर सांगितलेली नाही. विसरलो म्हणतात. कुणाच्या तरी म्हशीची गोष्ट संक्रांतीपर्यंत जपून ठेवणारा हा माणूस! मीही आता विचारत नाही.