नारळ अजून फुटला नव्हता

माझ्या भक्तीत आळस मिसळलेला आहे, हे आधीच कबूल करतो. गाडीचं ब्रेक पेडल पंधरा-वीस दिवसांपासून मऊ लागत होतं. पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा आत जायचा. दोनदा दाबलं की गाडी थांबायची, म्हणून मी मिस्त्रीकडे जायचं टाळत होतो. ब्रेक ऑइल कमी झालेलं दिसलं तेव्हा वरून ओतलं आणि काचेजवळच्या छोट्या गणपतीला म्हणालो, तू आहेस ना, मग झालं. जालन्यात मस्तगडला आमचं घर. दर संकष्टीला गाडीच्या पुढच्या चाकासमोर नारळ फोडायची आमची पद्धत. मागच्या संकष्टीनंतर डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ दिसला, तो नारळाच्या पाण्याचा समजून मी पुसला. चार दिवसांनी परत दिसला, तोही पुसला. डोकं चालवायची गरज मला वाटली नाही.

त्याच सुमारास आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन वर्षं तिला आम्ही सगळे आवाजावरूनच ओळखू येत होतो. दिसायला लागलं तर अंगारकीला राजूरच्या गणपतीचं डोळे भरून दर्शन घेईन, असा तिचा नवस होता. काळा चष्मा लावून, मांडीवर नारळ घेऊन ती पुढच्या सीटवर बसली. लहान मुलासारखी प्रत्येक पाटी वाचत होती.

अंगारकीला राजूरच्या रस्त्यावर पायी जाणाऱ्यांची रीघ असते. एका वळणावर एक म्हातारं जोडपं अचानक रस्ता ओलांडायला निघालं. मी ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, तरी तेच. घाबरून हँडब्रेक ओढला आणि गाडी त्या आजोबांच्या काठीपासून हातभर अंतरावर थांबली. त्यांना काही कळलंही नाही, ते मोरया म्हणत पुढे गेले. कशीबशी गाडी बाजूला घेतली. तुझ्याच वाटेवर, आईला घेऊन निघालो असताना असं का, म्हणून देवाचा मला रागही आला.

आई उतरली, चष्मा वर करून वाकली.

"अरे, चाक ओलं कशानं झालं?"

"नारळाचं पाणी असंल, आई."

तिनं हातातला नारळ माझ्या नाकासमोर धरला. "नारळ तर हा हाय माझ्याजवळ. मागच्या चतुर्थीचं पाणी महिनाभर वाळलं न्हाई व्हय?"

जे मला चांगल्या डोळ्यांनी दिसूनही कळलं नव्हतं, ते तिला नव्या डोळ्यांनी दिसलं.

समोरच एक पत्र्याचं गॅरेज उघडं होतं. घोट्याला पट्टी बांधलेला मिस्त्री लंगडत आला, चाकाला बोट लावून चोळलं. "नारळपाणी चिकट असतं, साहेब. हे निसरडं लागून राह्यलं. ब्रेक ऑइल हाय." मला पेडल दाबून धरायला लावलं, ते पायाखाली हळूहळू बसत गेलं. चाक काढल्यावर पाइपाच्या जोडावरचं तांब्याचं वायसर, म्हणजे छोटी चकती, झिजलेलं निघालं. ऑइल तिथून गळत होतं आणि पातळी उतरल्यानं पाइपात हवा शिरली होती.

आज दुकान उघडं कसं, असं विचारलं तर तो हसला. "दरसाल बंद ठेवून पायी जातो. परवा पाय मुरगळला. सकाळी बाप्पाला म्हणलो, औंदा मला जमत न्हाई, आता तूच बघ."

नवं वायसर बसवून, ऑइल भरून त्यानं हवा काढायला घेतली. चाकाजवळ एक पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलं. "दाबा. धरून ठेवा. म्या म्हणल्याबिगर सोडायचं न्हाई." बाटलीत बुडबुडे येत. दर दाबाला गॅरेजमधल्या खुर्चीवरून आई "मोरया" म्हणे. एकदा मी आपल्याच मतानं पाय आधी उचलला, तर तो ओरडला, "झालं! नळीतली हवा परत आत गेली." आई म्हणाली, "लहानपणापासून असाच हाय हा." मग मात्र मी निमूटपणे ऐकलं. चारही चाकं झाली. पाय ठेवला तर पेडल वरच घट्ट अडलं. मला एवढा आनंद झाला की मी उगाचच आणखी दहादा दाबून पाहिलं.

मिस्त्रीनं गाडी पुढे-मागे चालवून पाहिली, जोड पुन्हा तपासला. तेवढ्यात आई म्हणाली, "चल की मंग आमच्यासंगं." त्यानं दुकानाला कुलूप लावलं.

राजूरला गाभाऱ्यासमोर आईनं चष्मा काढला. "केवढा लाल शेंदूर हाय रे!" एवढंच म्हणाली आणि रडू लागली. शेजारी मिस्त्रीही डोळे पुसत होता. बाहेर आल्यावर चाकासमोर त्यानंच नारळ फोडला. पाणी चाकावर उडालं. आई वाकून बघत म्हणाली, "आता ओलं हाय, ते बराबर हाय."

देवावर सोडणं म्हणजे हात झटकणं, असंच मी समजत होतो. पण देवानं धाडलेला माणूस दाब म्हणाला की दाबायचं, धर म्हणाला की धरायचं, एवढं तरी आपल्याकडे असतंच. त्या दिवशी कोणाला काही झालं नाही, याचे उपकार मला फेडता येणार नाहीत. आता चाक ओलं दिसलं की आधी वाकून बोट लावतो, मग हात जोडतो.