बायचा गळा

माझ्याशी बोलायच्या आधी आमची बाय दोन बोटांनी माझी हनुवटी वर उचलायची. "बाबा, तोंड इथे वर आहे." कारण मी बघत असायचो तिच्या गळ्याकडे. ती पाणी पिताना, हसताना, आरती म्हणतानासुद्धा. लेकीऐवजी तिच्या गळ्याशी बोलणारा बाप रत्नागिरीत दुसरा नसेल.

अकराव्या वर्षी तिच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर, मानेतल्या इतर गाठींतही उतरलेला. मुंबईच्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "मुलांमध्ये हा पसरलेला असला तरी उपचारांना दाद देतो. बहुतेक मुलं पुढे नेहमीसारखं आयुष्य जगतात." त्यातला 'बहुतेक' एवढाच शब्द मी उचलला. मग माझा कबुलीजबाब सुरू झाला. आम्ही मासे फार खातो, म्हणून झालं का? गणितावरून मी हिला ओरडलो होतो, म्हणून? डॉक्टरबाई 'नाही, नाही' म्हणत राहिल्या. शेवटी बायने माझी बाही ओढली. "बाबा, चला. बाहेर अजून पेशंट आहेत."

ऑपरेशन झालं. पुढे किरणोत्सारी आयोडीनचं औषध द्यायचं होतं. त्याआधी दोन आठवडे तिला मासे आणि आयोडीनचं मीठ बंद. मी तर जन्मभरासाठी मासे सोडले आणि मांडवीच्या किनाऱ्यावर भेटेल त्याला ते सांगत सुटलो. बाय वैतागली. "आजारी मी, आणि लोक चौकशी तुमची करतायत!" तिने आईला बांगडा तळायला लावला, मला समोर बसवलं. "खावा, नि चव सांगा." मी रडत रडत अख्खा बांगडा संपवला. "काटे बघून हां," ती म्हणाली, "घरात एक गळा बिघडलाय तेवढा पुरे."

औषध दिल्यावर तिला काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं. मी फोनवर विचारलं, "भीती वाटते का गं?"

"नाही. इथे गळ्याकडे बघणारं कोणी नाही."

आता ती नोकरीला पुण्यात असते. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची एक गोळी, ती कायमचीच. ठरलेल्या तपासण्या, त्या आजवर स्वच्छ. पुण्याला निघताना स्टँडवर म्हणाली, "ठेवून जाता आला असता तर गळा तुमच्याकडेच ठेवला असता."

रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. आधी पडद्यावर नुसता गळा, त्यावरची पुसट आडवी रेघ. मी चष्मा लावून बघतो. "झालं दर्शन? आता माझ्याशी बोला." फोन वर सरकतो, चेहरा दिसतो आणि दरवेळी मी दचकतो. बाय एवढी मोठी कधी झाली, हे गळ्याकडे बघता बघता मला दिसलंच नव्हतं.