पेशी न बघता निवडतात

बंगळुरात, बनशंकरीतल्या एका कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी कोणीतरी मुलगी विचारतेच, बाईच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी कोणतं बंद करायचं हे ठरवतं कोण? कोणी नाही, मी सांगते. गर्भ म्हणजे अजून पेशींचा बारीकसा गोळा असतो, तेव्हाच प्रत्येक पेशी आपल्यापुरतं एक एक्स कायमचं बंद करते. ते आईचं की बापाचं, हे ती बघत नाही. पुढे तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशी तेच बंद ठेवतात. एवढं सांगून मी फळा पुसते. या न बघता केलेल्या निवडीमागे लपून एका माणसाने काय काय केलं, ते वर्गात सांगायची सोय नाही.

आमच्या अप्पांना हिमोफिलिया होता. रक्त गोठायचं नाही. गुडघ्यात रक्त साचलं की उशी दातांत धरून ओरडायचे. बापाचं एक्स मुलींना मिळतंच, त्यामुळे त्यांचं बिघडलेलं एक्स मला आणि धाकट्या बहिणीला, दोघींनाही आलं. माझ्या बहुतेक पेशींनी ते बंद केलं, म्हणून मी ठणठणीत. तिच्या बहुतेक पेशींनी नेमकं आईचं चांगलं बंद केलं. दाराची कडी लागली तरी तिचा हात जांभळा होतो. मला याचा फार राग येतो, पण काढणार कोणावर?

तिचं लग्न ठरताना आम्ही काही लपवलं नाही. आधी आजार सांगायचा, मग पोहे करायचे, हा आईचा हट्टच होता. मुलगा पुण्याचा, आयटीतला, इथेच सर्जापूर रोडला फ्लॅट. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. पुढे तेच कामाला लावलं.

लग्नानंतर काही महिन्यांनी तिचा काळानिळा दंड बघून मी विचारलं. "स्वल्प लागलं, अक्का," ती म्हणाली. मग पाठ दिसली, मग मान. शेवटी एका दुपारी तिने फोन करून बोलावलं. ती स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती. त्याने तिला ओट्यावर आपटलं होतं, आणि पडल्यावर मांडीत लाथा घातल्या होत्या. मांडी आतल्या रक्ताने तट्ट फुगली होती, पाय सरळ होत नव्हता. इस्पितळात रक्त गोठायचं औषध चढेपर्यंत ती माझ्या मनगटात नखं रुतवून किंचाळत होती. तेव्हा तो समोर आला असता तर मी त्याला खलबत्त्याने ठेचला असता. आजही हे लिहिताना मला त्यात काही वावगं वाटत नाही.

तिला पोलीस नको होते. तिला एकच हवं होतं. सासूबाईंनी आणि नवऱ्याच्या मामांनी एकदा म्हणावं की हो, त्याने मारलं. त्याशिवाय ती घर सोडायला तयार नव्हती. म्हणून तिच्या फ्लॅटवर बैठक बसली. मामा पुण्याहून आले. बहीण सगळ्यांपासून लांब, खिडकीशी खुर्चीत बसली.

"ताई, तुम्ही तर बायोलॉजी शिकवता," तिचा नवरा साळसूदपणे म्हणाला. "हिच्या सेल्सनीच राँग एक्स बंद केलाय. नुसता हात लागला तरी डाग येतो. यात माझा काय फॉल्ट?"

सासूबाईंनी मान डोलावली. मामा म्हणाले, "आजारच तसा. त्याला कोण काय करणार?"

माझाच धडा हा मला म्हणून दाखवत होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पेशी बघत नाहीत रे," मी म्हणाले. जावई म्हणून इतके दिवस अहो-जाहो केलं, ते तिथे संपलं. "तू बघतोस. तू खिडकी लावतोस, टीव्ही मोठा करतोस आणि मग मारतोस."

"प्रूफ आहे?" तो हसला.

मी उठले आणि हात उगारला. तो हात त्याच्या गालावर पडायच्या आत तिकडे खिडकीशी बहीण खुर्चीतून खाली घसरली, गुडघे पोटाशी घेतले आणि दोन्ही दंडांनी डोकं झाकलं. थप्पड सणसणीत बसली, त्याचा चष्मा उडाला. पण त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही.

"अगं, तुला नाही मारलं तिने," सासूबाई म्हणाल्या.

"माहीत आहे, आई," ती तशीच राहून म्हणाली. "हात वर गेला की मी आधी डोकं झाकते. बाकी कुठे लागलं तर चालतं. डोक्यात रक्त साचलं तर मी मरेन."

मामा उठून तिच्याजवळ गेले. तिला उठवायला त्यांनी हात पुढे केला, ती आणखी आक्रसली, तसा त्यांनी तो मागे घेतला.

"मारलंय त्याने," ते सासूबाईंना म्हणाले.